उन्हाळ्याच्या सुटीतील वाचन

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक परीक्षा संपली आणि निकालपत्रके तयार झाली की शाळेत एक काम अगदी नियमाने होते. मुलांकडे असलेली ग्रंथालयाची पुस्तके परत घेतली जातात, जडसंग्रह नोंदवहीशी ताडून पाहिली जातात, कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात जाते. ती पुन्हा बाहेर निघते जूनच्या मध्यास. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तेथे तर जूनअखेरीस. म्हणजे वर्षातील ज्या सहा आठवड्यांत मुलाला सर्वांत अधिक मोकळा वेळ असतो, नेमक्या त्याच सहा आठवड्यांत त्याच्या हाती एकही पुस्तक नसते.

याचा परिणाम जूनमध्ये प्रत्येक वर्गशिक्षकाच्या अनुभवास येतो. एप्रिलमध्ये जे मूल पाठातील वाक्य एका दमात वाचीत होते, ते आता शब्दाखाली बोट ठेवून वाचू लागते. जोडाक्षर आले की अडखळते आणि शिक्षकांच्या तोंडाकडे पाहते. मागील इयत्तेचे शिक्षक म्हणतात, ‘आम्ही तर शिकवून पुढे पाठविले होते.’ पुढील इयत्तेचे शिक्षक म्हणतात, ‘येथे आले तेव्हा येत नव्हते.’ दोघांचेही म्हणणे खरे असते. मधल्या सहा आठवड्यांचा हिशेब मात्र कोणीच मांडीत नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असे नव्हे. अमेरिकेत उन्हाळी सुटी याहून मोठी, म्हणजे सुमारे अडीच-तीन महिन्यांची असते. तेथे हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र करून १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. सुटीत मुलांची प्रगती सरासरीने सुमारे एक महिना मागे जाते, असे त्यांना आढळले. परंतु त्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. सुस्थितीतील घरांतील मुलांचे वाचन सुटीत टिकून राहते, किंबहुना थोडे पुढेही जाते. गरीब घरांतील मुलांचे मात्र मागे पडते. पुढे रिचर्ड ॲलिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडा राज्यातील १७ शाळांत एक प्रयोग केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब घरांतील मुलांना प्रत्येक उन्हाळ्याच्या आरंभी पुस्तकांच्या मांडणीतून स्वतःच्या आवडीची १२ पुस्तके निवडू दिली आणि ती त्यांनाच देऊन टाकली. असे सलग ३ वर्षे केले. सुटीत कोणी शिकविले नाही, परीक्षा घेतली नाही. तरीही या मुलांचे वाचन इतर मुलांपेक्षा पुढे गेलेले आढळले.

या प्रयोगापासून घेण्यासारखा बोध साधा आहे. पुस्तक घरी असले पाहिजे, आणि ते मुलाने स्वतः निवडलेले असले पाहिजे. शहरातील नोकरदाराच्या घरी मुलांची पुस्तके विकत आणली जातात, एखादे मासिक येते. खेड्यातील शेतमजुराच्या घरी छापील अक्षर म्हणजे पाठ्यपुस्तक, भिंतीवरची दिनदर्शिका, लग्नपत्रिका आणि किराणा बांधून आलेला कागद. हल्ली घरात मोबाईल असतो. परंतु त्यावर मूल बहुधा चित्रेच पाहते. अशा मुलाला कथेचे पुस्तक मिळण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे शाळेचे कपाट. त्याला मे महिन्यात कुलूप असेल, तर त्या मुलापुरते गावात पुस्तकच नसते.

कपाटाला कुलूप लावणारा शिक्षक निष्काळजी असतो असे मात्र मुळीच नव्हे. त्याला पुस्तकांची काळजी असते म्हणूनच तो कुलूप लावतो. पुस्तक हरवले तर नोंदवहीत काय लिहावयाचे, लेखापरीक्षणाच्या वेळी काय उत्तर द्यावयाचे, ही त्याची भीती खरी आहे. या भीतीला काय उत्तर असावे, ते एका द्विशिक्षकी शाळेच्या हकीकतीवरून कळेल.

दुष्काळी भागातील ती शाळा. गावातील निम्मी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची मुले वर्षभर अर्धवट शिकतात आणि शाळेशी नीट गाठ पडते न पडते तोच सुटी लागते. त्या शाळेतील बाईंनी एका वर्षी धीर करून सुटीपूर्वी सर्व पुस्तके मुलांना वाटून दिली. जूनमध्ये शाळा उघडली. पुस्तके परत आली. चौथीतून पाचवीत गेलेला एक मुलगा मात्र दोन दिवस शाळेतच आला नाही. तिसऱ्या दिवशी बाई त्याच्या घरी गेल्या. मुलगा दाराआड उभा. आईने धान्याच्या कणगीमागून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले पुस्तक काढून दिले. शेळीने त्याचा एक कोपरा खाल्ला होता. ‘बाई, भरून देऊ, पण पोराचं नाव कमी करू नका,’ एवढेच ती माउली म्हणाली.

बाईंनी पुस्तक उघडून मुलाला विचारले, ‘हे वाचलेस का?’ मुलाने मान हलविली. मग त्याने ती गोष्ट सांगावयास आरंभ केला. शेळीने खाल्लेल्या कोपऱ्यातील शब्दही तो न अडखळता सांगत गेला, कारण ते पुस्तक त्याने सुटीत तीन वेळा वाचले होते. बाईंनी नोंदवहीत त्याच्या नावापुढे लिहिले : ‘पुस्तक परत. कोपरा शेळीने खाल्ला. मुलाने तीन वेळा वाचले.’ आणि त्याच्या हाती दुसरे पुस्तक दिले.

ज्या पुस्तकाला दहा वर्षांत एकही सुरकुती पडली नाही ते पुस्तक शासनाच्या दृष्टीने सुरक्षित असेल. परंतु ज्यासाठी त्याची खरेदी झाली ते कार्य त्याने केलेले नाही. हिशेबाची बाजूही सांभाळता येते. सुटीपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पुस्तके मुलांना घरी देण्याचा ठराव करावा. दुपारच्या सुटीत वरच्या वर्गातील दोन मुलांकडून देवघेव-वही लिहून घ्यावी. झिजलेल्या व फाटलेल्या पुस्तकांचे रीतसर निर्लेखन वेळच्या वेळी करून घ्यावे. जे ठरावाने व नोंदीने घडले, त्याची जबाबदारी एकट्या शिक्षकाच्या शिरावर राहत नाही.

आता कोणत्या मुलाला कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न. सुटीत ज्याचे वाचन थांबते, त्याला जाड व बोधपर पुस्तक देणे म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला पुरणपोळी वाढणे होय. त्याला प्रथम हलके, चवदार आणि एका बैठकीत संपणारे पुस्तक हवे. एक पुस्तक संपविल्याचा आनंदच त्याला दुसऱ्याकडे नेतो.

पहिली-दुसरीच्या मुलांना चित्रे अधिक व मजकूर थोडा अशी पुस्तके द्यावीत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचात घरातील माणसांचीच ओळख आहे. जे रोज दिसते तेच छापलेले पाहून लहान मुलाला नवल वाटते. त्यांच्याच ‘यश’च्या गोष्टी किंचित मोठ्या मुलांस आवडतात. विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ (१९६१) ही मोठ्याने म्हणावयाची पुस्तिका आहे. ज्यांना अजून वाचता येत नाही अशी मुलेही त्यातील कविता ऐकून पाठ करतात आणि मग पानावर बोट ठेवून ‘वाचतात’. त्याला कोणी खोटे वाचन म्हणू नये. अक्षरांशी ओळख पुष्कळदा अशीच होते. राष्ट्रीय पुस्तक न्यास ही संस्था १९५७ साली स्थापन झाली. तिच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालेतील पातळ, सचित्र पुस्तके कित्येक शाळांच्या कपाटांत आधीच आहेत. ती वर काढावीत.

ज्या मुलांच्या घरी भिली, कोरकू, गोंडी अशी निराळी भाषा बोलली जाते, त्यांच्या बाबतीत एक पायरी अगोदर घ्यावी. पुस्तकातील चित्रे पाहून मुलाने आपल्या बोलीत गोष्ट सांगावी. नंतर शिक्षकाने छापील मजकूर वाचून दाखवावा. मग पुस्तक घरी द्यावे. गोष्ट आधीच ओळखीची झाली म्हणजे भाषेचा परकेपणा कमी होतो.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक हे भांडारच आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने हे मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केले. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळतात. शाळेतील अंक जीर्ण झाले असतील तर एक-एक गोष्ट सुटी करून तिला जुन्या पुठ्ठ्याचे आवरण शिवावे. एका अंकाची अशी पाच-सहा पुस्तके होतात आणि पाच-सहा मुलांच्या घरी जातात. ना. धों. ताम्हनकर यांचे ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ याच वयाला रुचतात. ‘गोट्या’वरील मालिका पूर्वी दूरदर्शनवर झाली होती, ती पाहिलेले पालक मुलाच्या हातात ते पुस्तक पाहून आपण होऊन बोलू लागतील, हा आणखी एक लाभ.

पाचवी ते सातवीच्या मुलांना धाडस हवे असते. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ त्यांना द्यावा. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकावयास आलेला हा काटकुळा बनेश फेणे खेड्यातील मुलाला आपला वाटतो. ज्यांना खरी माणसे आवडतात त्यांना वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) द्यावे. गुलामगिरीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकला, शास्त्रज्ञ झाला आणि कपाशीने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग पेरण्याचा सल्ला त्याने गरीब शेतकऱ्यांना दिला. ज्या गावात कपाशी व भुईमूग दोन्ही पिकतात, तेथील सातवीच्या मुलाला हे चरित्र केवळ पुस्तक वाटणार नाही. तो ते बापाला वाचून दाखवील. आणि ज्यांची आवड अद्याप ठरलेली नाही त्यांना ‘वाचू आनंदे’चे भाग द्यावेत. माधुरी पुरंदरे यांनी संपादिलेल्या या चार भागांत, बाल व कुमार अशा दोन गटांसाठी, मराठीतील निवडक वेचे व चित्रे आहेत. कोठूनही उघडावे, कोठेही थांबावे.

यानंतर एका पुस्तकाचा स्वतंत्र उल्लेख अवश्य केला पाहिजे. ते म्हणजे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक बहुतेक प्रत्येक शाळेत आहे; तथापि बहुतेक ठिकाणी ते बक्षीस म्हणून दिले जाते व तसेच ठेवले जाते. त्याची रचना ध्यानात घ्यावी. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, आणि अशा रात्री आहेत बेचाळीस. सुटीचे आठवडे सहा. सहा आठवड्यांच्या रात्रीही बेचाळीस. गावातील देवळाच्या ओट्यावर किंवा एखाद्या अंगणात सहावी-सातवीच्या मुलाने रोज एक रात्र मोठ्याने वाचावी आणि लहानांनी ऐकावे. शिक्षक गावी गेला असला तरी हे चालू शकते. जाण्यापूर्वी वाचणाऱ्या मुलांच्या पाळ्या तेवढ्या लावून द्याव्यात. विहिरीत उडी टाकण्यास भिणाऱ्या श्यामचे पोहणे मे महिन्याच्या संध्याकाळी ऐकताना विहिरीवरून नुकतीच आलेली मुले कशी हसतील, याची कल्पना प्रत्येक शिक्षकाला करता येईल. पुस्तक कोकणातील पालगडच्या परिसरातील असल्याने त्यातील काही शब्द घाटावरच्या मुलांना अडतील. असे शब्द मुलांनी वहीत टिपून ठेवावेत. शाळा उघडल्यावर वर्गाचा पहिला पाठ त्यांचाच होईल.

पुस्तके देताना काही पथ्ये पाळावीत. निवड मुलाने करावी. शिक्षकाने फार तर दोन-तीन पुस्तके पुढे ठेवावीत. पुस्तक झेपेल की नाही हे मुलाला स्वतःच ठरविता येते. मधले एखादे पान उघडावे, वाचावे आणि न कळलेल्या शब्दागणिक एक बोट मिटावे. पान संपण्यापूर्वी पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवावे. एखादे पुस्तक न आवडल्यास अर्धवट सोडण्याची मोकळीक असावी. तेच पुस्तक पुन्हा वाचणाऱ्या मुलाला हसू नये. सुटीनंतर सारांश लिहून आणण्याचा गृहपाठ तर मुळीच देऊ नये. तो दिला की पुस्तक पुन्हा परीक्षेचे होते, आणि परीक्षेच्या पुस्तकाकडे मे महिन्यात कोणते मूल फिरकेल? त्याऐवजी प्रत्येक वस्तीवर एक मोठा मुलगा किंवा मुलगी नेमून दर आठवड्यास पुस्तकांची अदलाबदल करावी. चार मुलांजवळ एकेक पुस्तक असले तर महिनाभरात प्रत्येकाची चार पुस्तके वाचून होतात. गावात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय असेल तर सुटीपूर्वी मुलांना एकदा तेथे न्यावे व ग्रंथपालाशी ओळख करून द्यावी.

शेवटी एक नाजूक प्रश्न उरतो. वाचनात खंड पडतो तो केवळ मुलांच्याच का? मतदारयाद्यांचे काम, निरनिराळी सर्वेक्षणे, ऑनलाईन माहिती भरण्याची धावपळ, यांत शिक्षकाचे स्वतःचे वाचन केव्हा सुटते हे त्याचे त्यालाही कळत नाही. यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्याने वर्षभरात एकही पुस्तक आपल्या आनंदासाठी वाचले नाही, त्याला मुलापुढे पुस्तक धरून ‘हे वाचून पाहा, मजा येईल’ असे मनापासून म्हणता येत नाही. मुलांना तो फरक लगेच कळतो.

म्हणून सुटीत शिक्षकानेही तीन लहान पुस्तके जवळ ठेवावीत. पहिले, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). धनगरांच्या वस्तीवर नेमलेला तरुण मास्तर, मेंढरांमागे गेलेली मुले, रिकामी शाळा आणि हळूहळू जिंकलेला विश्वास. हे वाचताना पुष्कळांना आपल्या पहिल्या नेमणुकीचे गाव आठवेल. दुसरे, तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद राष्ट्रीय पुस्तक न्यासाने प्रसिद्ध केला आहे. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली ही जपानी मुलगी आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी चार तास तिचे बोलणे ऐकून घेतात. त्या शाळेत पुढे एक नवा डबा येतो, तो ग्रंथालयाचा; त्यातील पुस्तके मुलांनी हवी तेव्हा घ्यावीत, अशी मुभा असते. तिसरे, गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’. मूळ गुजरातीतील या पुस्तकाचा नायक लक्ष्मीराम चौथीच्या वर्गावर आपल्या कामाचा आरंभ गोष्टी सांगण्यापासून करतो. आणि गोष्टीची गोडी लागलेल्या मुलांपुढे मग पुस्तके मांडतो. तिन्ही पुस्तके मिळून फार तर दहा-बारा दिवसांचे वाचन आहे.

बंधु-भगिनींनो, या कामासाठी नवा निधी लागत नाही, नवी योजना लागत नाही. पुस्तके शाळेत आहेत, मुले गावात आहेत, दिवस मोकळे आहेत. सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी कपाट उघडावे, पुस्तके सतरंजीवर मांडावीत, मुलांना हात लावू द्यावा, आणि प्रत्येक मूल किमान एक पुस्तक घेऊनच घरी जाईल असे करावे. कपाट रिकामे झाले म्हणजे त्याला कुलूप लावण्याचे कारणही उरणार नाही. जूनमध्ये काही पुस्तके मळून येतील, एखादे पहिल्या पावसात भिजेल, एखाद्याचा कोपरा शेळी खाईल. त्यांची नोंद करावी, आणि ती आणणाऱ्या मुलाला प्रथम विचारावे, ‘गोष्ट कशी होती?’